पाळीचं तेल

खैरटोल्याच्या तळ्याची पाळ पाझरू लागली ती ऐन भादव्यात, धान पोटरीला आलं असताना. पाळींना वेळ अचूक कळते. उन्हाळ्यात तळं आटलेलं असतं, माणसं रिकामी असतात, माती कोरडी असते. तेव्हा पाळीला काही म्हणजे काही होत नाही.

आधी तुडुमाच्या, म्हणजे तळ्याचं पाणी शेतांत सोडायच्या दगडी तोंडाच्या उजव्या अंगाला गवत जरा जास्तच हिरवं दिसायला लागलं. मग त्या हिरव्यात पाय रुतायला लागला. मग एका सकाळी तिथून करंगळीएवढी धार सुटली आणि ती गढूळ आली. पाणी साफ येतं तोवर पाळ नुसती घामेजलेली असते, त्यात काळजी नाही. गढूळ आलं की पाळ आतून माती सोडायला लागली, असं समजायचं. खेकड्यांनी पोखरली होती. हस्त नक्षत्र बारा दिवसांवर होतं, आणि हस्ताचा पाऊस असल्या पाळीला विचारून पडत नाही.

मालगुजारी जाऊन सहा वर्षं झाली होती. तळं सरकारचं झालं होतं, पाझर मात्र गावाकडेच राहिला होता. दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षांपूर्वी देऊन झाला होता. पण मधल्या काळात खैरटोला जागचा न हलता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला, आणि अर्ज बहुधा त्याच्या मागे निघून वाट चुकला. तेव्हा उमराव मालगुजारानं (मालगुजारी गेली तरी हाक उरली होती) दवंडी दिली. उमराव जातीचा कोहळी. त्याच्या खापरपणज्यानं हे तळं बांधलं होतं, आणि पाळ फुटायला आली की कोहळ्याच्या घरानं कढई चढवायची, गावानं टोपली उचलायची, ही रीतही त्यानंच बांधली होती.

रीत अशी. पहिली टोपली पाळीवर पडायच्या आधी मालगुजाराच्या अंगणात चुलीवर लोखंडी कढई चढते. तिच्यात जवसाचं तेल पडतं. त्या तेलात रोज लाखोळीच्या डाळीचे वडे तळायचे आणि पाळीवर राबणाऱ्या प्रत्येकाला दोन-दोन द्यायचे. शेवटची टोपली पडेपर्यंत कढई रिकामी करायची नाही. तेल आटलं तर वरून घालायचं, पण आतलं काढायचं नाही. कढई रिकामी झाली की तळं रिकामं झालं. शेवटच्या दिवशी घरचा कर्ता त्या तेलात बोट बुडवतो, अंगठा आणि बोट एकमेकांवर टेकवून हळूच दूर करतो. तळून तळून जुनं झालेलं जवसाचं तेल चिकट होतं, त्याची बारीक तार निघते. तार दिसली की लोक म्हणतात, तार आली. मग पाळीवरच्या शेंदऱ्या धोंड्याला त्याच बोटानं टिळा लागतो, आणि पाळ पक्की झाली असं सगळे मानतात. पाळसुद्धा मानते, असा अनुभव होता.

रीत बांधली तेव्हा साठ माणसं यायची आणि काम तीन दिवसांत आटपायचं. या वर्षी बावीस आली. तरणी पोरं कोहमाऱ्याकडच्या सडकेच्या कामावर होती, काही देवरीच्या जंगलात लाकूड तोडायला गेली होती. बावीस माणसांना तेच काम अकरा दिवसांचं होतं. हा हिशेब सगळ्यांना आला. तेलाचा हिशेब कुणी केला नाही, कारण रीत म्हणजे रीत, तिच्यात दिवस किती ते लिहिलेलं नव्हतं.

कढईवर या वर्षी पहिल्यांदाच उमरावची सून सुमित्रा बसली. तीस वर्षं सासूनं, कुंदाबाईनं कढई सांभाळली होती; पण आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ती चुलीजवळ भिंतीला पाठ लावून बसायची, हाताला येईल ते निवडायची आणि कानांनी बघायची. तिनं सुनेला पहिल्याच दिवशी एवढंच सांगितलं की जाळ मध्यम ठेव आणि पाय जपून टाक.

सुमित्रा पाय जपूनच टाकत होती. तिला भीती होती ती जमुनाबाईची. जमुनाबाई उमरावची धाकटी भावजय. एकवीस वर्षांपूर्वी दोघी जावा कढईवर होत्या. शेवटच्या दिवशी उमरावनं बोट बुडवलं आणि तार निघाली नाही. कढईत नवं तेल होतं. चौथ्या दिवशी पाळ फुटली. खालची सगळी बांधी, म्हणजे धानाची शेतं, वाळूखाली गेली, दोन बैल वाहून गेले. जमुनाबाईच्या मनगटावर भाजल्याचा ताजा फोड निघाला. एवढा पुरावा पुष्कळ झाला. तिला गाडीत बसवून देवरीपलीकडे माहेरी नेऊन घातलं, आणि ती तिथेच राहून तिथेच मेली. तिच्या नवऱ्यानं दुसरी केली. पुढं तीही मेली, तोही मेला. टिकली ती फक्त जमुनाची गोष्ट. खैरटोल्यात कुठल्याही पोरीच्या हातून तेलाचा थेंब सांडला की अजून म्हणत, जमुना होशील.

पहिले तीन दिवस वडे झाले ते खाणाऱ्यानं बोटं चाटावीत असे. पिवळेधमक, वरून खुसखुशीत, मोडले की आत वाफ. दुधरामची बायको रुख्मा डोक्यावर मातीची टोपली वाहायची. ती म्हणाली की असले वडे असतील तर पाळ दर वर्षी फुटावी. उमरावनं तिच्याकडे असं पाहिलं की ती उरलेला वडा न चावता गिळून गेली.

चौथ्या दिवशी तेल काकवीच्या रंगाचं झालं. सुमित्रानं वरून दोन मापं नवं तेल घातलं. नव्या तेलाला जुन्याची संगत लागली, आणि दुपारपर्यंत तेही तसंच झालं. वडा टाकला की बाहेरून लगेच काळा पडायचा आणि आत कच्चा राहायचा. झाऱ्यावर निथळून निथळला तरी तेल सोडायचा नाही. पिळला तर ओल्या फडक्यासारखा तेल द्यायचा. तिनं सासऱ्याला दाराआडून, जमिनीकडे बघत विचारलं की तेल बदललं तर चालेल का. उमराव हात धूत होता. त्यानं हात पुसून घेतले, मग बोलला.

“तळ्यातलं पानी जुनं झालं मनून कोनी तळं ओतून देते का?”

सुमित्रा आत गेली.

पाचव्या दिवशी फेस आला. वडा सोडला की कढईभर बारीक फेस चढायचा आणि तो मरायचाच नाही, काठाशी घुटमळत राहायचा. काठावर डिंकासारखा थर बसला, त्याला बोट लागलं तर बोट चिकटायचं. सहाव्या दिवशी तेल तापायच्या आधीच धूर सोडायला लागलं. निळसर, डोळ्यांत जाणारा धूर, आणि त्याला वास कसला, तर नवी गाडी रंगवून उन्हात ठेवल्यावर येतो तसला. सुमित्राचे डोळे सुजले. रात्री पदराला, केसांना, भाताच्या घासाला तोच वास यायचा. उमराव म्हणाला, वड्यात मिरची वाढव. तिनं वाढवली. आता वडा कडू लागायचा आणि तिखटही लागायचा.

पाळीवर दुपारी उमराव मोहाच्या झाडाखाली आपल्या ठरल्या जागी बसायचा, सगळ्यांना वडे वाटले गेल्यावर स्वतःचे दोन घ्यायचा, आणि खाणाऱ्यांवर नजर ठेवायचा. माणसं पाठमोरी होऊन खायची. सुमित्राचा नवरा बकाराम माती खणायचा; त्याच्या पोटात दोन दिवस मुरडा होता, पण बापासमोर तो पोटालाही बोलू देत नसे. ढिवराचा उदाराम, ज्याचा डोंगा तळ्यावर मासे धरत फिरायचा, तेवढा एकटा हसून म्हणाला की हे तेल माणसांपेक्षा माझ्या डोंग्याला बरं, फटी बुजतील. त्यावरही कुणी हसलं नाही.

सातव्या दिवशी रुख्मा पाळीच्या उतारावर टोपलीसकट खाली बसली आणि ओकली. तिथंच बसून दुसऱ्यांदा ओकली. हिरालाल म्हातारा, ज्याला गावातल्या सगळ्या रिती पाठ होत्या, म्हणाला की तिला बाहेरचं लागलं आहे, कढईला नजर लावली होती तिनं. आठव्या दिवशी रुख्मा उठली नाही. त्या दिवशी बावीसातली तेरा माणसं आली. उरलेल्यांचे निरोप आले. कुणाचं पोट धरलं होतं, कुणाचा घसा, कुणाचा बैल. मातीची टोपली तेवढीच जड, पण आता ती उशिरा उशिरानं पडत होती. धार करंगळीएवढी होती ती अंगठ्याएवढी झाली, आणि गढूळच होती.

संध्याकाळी सुमित्रा पेज घेऊन रुख्माकडे गेली. रुख्मा भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ सुकले होते, पोटावर हात गच्च.

“बाई, वडा खाली उतरूनच नाई राहिला,” ती म्हणाली. “आज काही खाल्लं नाई, तरी तो तिथंच हाय.”

दुधराम दारात उभा होता. त्यानं शांतपणे सांगितलं की उद्या तो येणार नाही, आणि त्याच्या टोलीवरचे, वस्तीतले बाकीचेही येणार नाहीत. मालगुजाराला सांगायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तुम्हीच सांगा म्हणाला.

सुमित्रा परत निघाली. बांधाबांधानं येताना तिनं दोन्हीकडून विचार करून पाहिला. तेल ठेवलं तर माणसं येणार नाहीत, माणसं आली नाहीत तर हस्त लागायच्या आत पाळ होणार नाही, आणि ती फुटेल. तेल काढलं आणि पाळ कुठल्याही कारणानं फुटली, तर ती सुमित्रानं फोडली. पहिल्यात गाव बुडत होतं, दुसऱ्यात ती. आणि दोन्हींमध्ये रुख्मा भिंतीकडे तोंड करून पडलेली होती, तिचं नाव कुणी घेत नव्हतं. सासऱ्याला तिनं दुधरामचा निरोप सांगितलाच नाही. जेवण टाकून ती वाकळ पांघरून बसली, तेव्हा बकारामनं विचारलं, थंडी भरली का. ती हो म्हणाली.

नवव्या दिवशी सूर्य उगवताना पुरुष पाळीवर गेले. कुंदाबाई मागच्या अंगणात अंघोळीला बसली. सुमित्रानं चूल पेटवली नव्हती. तेल थंड असतानाच काढायचं, हात भाजू द्यायचा नाही, हे तिनं रात्रीच ठरवलं होतं. फोड निघाला की पुरावा झाला. कढई उचलायची नाही, वाटीनं काढायचं, म्हणजे कलंडायची भीती नाही. तेल वाटीतून मडक्यात पडताना आवाजसुद्धा करत नव्हतं, मधासारखी जाड धार लागत होती. दर वाटीला ती थांबून ऐकायची. मागे तांब्या वाजत होता. एक मडकं भरलं, दुसरं अर्धं झालं. मग तिनं खुरप्यानं आतला डिंक खरवडला, राखेनं कढई आतून घासली, फक्त आतून. बाहेरची काजळी होती तशी ठेवली. मडकी गोठ्यात तणसाखाली, धानाच्या पेंढ्याखाली ढकलली. पिंपातलं नवं तेल ओतलं. तेल इतकं स्वच्छ होतं की कढईचा तळ दिसला. तळ दिसणं म्हणजेच रिकामी होणं, नाही का?

कुंदाबाई येऊन आपल्या जागी भिंतीला टेकली. सुमित्रानं जाळ केला. तेल तापलं. पहिला वडा तिनं काठावरून हळू, अगदी हळू सोडला.

पाच दिवस वडे कढईत पडताना भसभसत होते. हा पडला तो खणखणीत चर्र झाला, आणि तसाच बोलत राहिला. सुमित्रा झारा धरून दगडासारखी बसली. म्हातारीचे निवडणारे हात थांबले होते. तिचे पांढरे डोळे कढईकडे वळले आणि तिथंच राहिले. वडा तळून वर आला. दुसरा टाकायची सुमित्राला हिंमत होईना.

“सुमित्रा,” कुंदाबाई म्हणाली, “जाळ कमी कर. आवाज बाहेर जाऊन राहिला.”

सुमित्रानं लाकूड मागे ओढलं. मग म्हातारीनं विचारलं की वड्याचा रंग कसा आहे. सुमित्रा म्हणाली, पिवळा. म्हातारी म्हणाली, मग हिरालाल ओळखेल, पिठात गुळाचं पाणी घाल थोडं, गूळ काळा पडतो. आणि त्या दिवशी खैरटोल्यात एका बाईनं जीव तोडून चांगले वडे वाईट दिसतील असे तळले. ती मडकी घरात ठेवू नकोस, हेही म्हातारीनंच सांगितलं. उदाराम बराच काळ मागतो आहे, त्याला दे, तो बोलणारा नाही. उदारामनं दुपारी मडकी टोपल्यात घालून वरून कोंडा टाकला आणि नेली. विचारलं काही नाही. फक्त जाताना कढईकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

त्या दुपारी पाळीवर वडे वाटले गेले. वडा मिळालेल्या पहिल्या माणसानं पाठमोरं होऊन कड तोडली, थांबला, आणि पुन्हा तोंड वळवून पुरा खाल्ला. दहाव्या दिवशी एकोणीस माणसं आली. दुधरामसुद्धा आला. रुख्मा पेज पचवून उठून बसली होती. अकराव्या दिवशी बावीसच्या बावीस येणार, असे निरोप आले. सुमित्राला वाटलं, आता बरं होईल. पण उमराव दहाव्याच दिवशी संध्याकाळी अंगणात लोकांना सांगायला लागला की पाहिलं, रीत पाळली की तेलाची तक्रार आपोआप जाते, पाळीचं तेल जितकं जुनं तितकं गोड. तिनं ते दारामागून ऐकलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की तार राहिली आहे.

तिनं रात्रभर बोटं एकमेकांवर घासून पाहिली. दोन दिवसांचं तेल होतं, मध्यम आचेचं, म्हातारीनं जाळ वाढवू दिलाच नव्हता. त्यातून तार येईल असं ते नव्हतं. उदारामकडे थोडं मागायला ती पहाटे गेली. त्यानं डोंगा दाखवला. सगळं तेल डोंग्याला लागलं होतं, वाळून कातडीसारखं झालं होतं. नखानं निघत नव्हतं. उदारामला खरंच वाईट वाटलं. तो म्हणाला, बाई, आधी बोलली असती तं अर्धी बाजू कोरडी ठेवली असती.

अकराव्या दिवशी दुपारी शेवटच्या टोपल्या पडत होत्या. आभाळ पूर्वेकडून काळं होऊन येत होतं. हस्त एक दिवस आधीच आला होता. दोघांनी कढई दांड्याला लटकवून पाळीवर आणली आणि शेंदऱ्या धोंड्यासमोर ठेवली. मागून सुमित्रा आली, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून कुंदाबाई. वारा नव्हता. सुमित्रानं दोन्ही मनगटं पदराखाली झाकली होती. त्यांवर काही नव्हतं, तरी झाकली होती.

उमरावनं बोट बुडवलं. अंगठा टेकवला. दूर केला.

काही निघालं नाही.

त्यानं पुन्हा बुडवलं, पुन्हा टेकवलं, अगदी हळू दूर केलं. बोटावरून तेलाचा एक थेंब घरंगळून मनगटाकडे गेला, पाण्यासारखा. पाळीवर फावडं धरलेली माणसं तशीच उभी राहिली. उदाराम तळ्याकडे तोंड करून आपल्या डोंग्याकडे पाहत होता. मागून कुणीतरी एकच शब्द म्हणालं, “जमुना.”

उमराव कुणाकडेच पाहत नव्हता. पाण्याकडे पाहून त्यानं विचारलं, “कढई कोनं रिकामी केली?”

गाडी कशी येईल, कुणाचे बैल असतील, देवरीपर्यंत सडक कशी आहे, एवढं सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं तोंड उघडलं, आणि खांद्यावरची बोटं मांसात रुतली.

“मी,” कुंदाबाई म्हणाली.

हिरालाल म्हातारा सावरून म्हणाला की आंधळ्या बाईला कढई रिकामी करता येत नाही.

“आंधळी आता झाली,” म्हातारी म्हणाली. ती मोठ्यानं बोलत नव्हती, पण ऐकू सगळ्यांना येत होतं. “त्या साली डोळे होते, तवाबी मीच. पाय लागला माझा, कढई कलंडली. जमुनानं धरायले हात घातला, मनून तिचा हात भाजला. तुमी समद्यांनी हात पायला. पाय कोनी नाई पायला.”

आभाळ गुरगुरलं, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. उमरावचं तेलाचं बोट तसंच हवेत होतं. तो काहीतरी म्हणेल म्हणून सगळे थांबले. त्यानं वाकून धोंड्याला टिळा लावला. तार नसलेल्या तेलाचा टिळा धोंड्यानं मुकाट्यानं लावून घेतला. मग उमराव म्हणाला, “टोपल्या टाका. पानी आलं.” शेवटची टोपली रुख्मानं टाकली, तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली होती, आणि टोपली अर्धीच भरलेली होती.

पाऊस रात्रभर पडला. खैरटोल्यात त्या रात्री झोपली ती फक्त ढोरं. सुमित्रा पाण्याच्या आवाजात दुसरा आवाज शोधत बसून होती. पाळ फुटते तेव्हा आवाज आधी जमिनीतून येतो, असं म्हणतात, पायांना कळतं. ती पाय जमिनीला टेकवून बसली होती. पलीकडे कुंदाबाई बसली होती, तिचेही पाय जमिनीला टेकलेले होते.

उजाडताच सगळं गाव पाळीकडे निघालं. पाळ उभी होती. तळं काठोकाठ भरून वर तुडुंबलं होतं, उदारामचा डोंगा त्यावर एका फटीतूनही पाणी न घेता तरंगत होता. पावसानं मागच्या उतारावरची दोन बोटं नवी माती धुऊन नेली होती, आणि त्या धुतल्या मातीतून काळे काळे गोळे वर आले होते.

वडे होते. इकडे दोन, तिकडे चार, टोपल्या पडल्या तिथं तिथं. मातीत घालून वर माती टाकलेले, माती दाबायच्या धुमसानं ठोकलेले. त्यांना मुंगीसुद्धा लागली नव्हती. माणसं ते पाहत होती आणि एकमेकांकडे पाहत नव्हती. दुधरामनं जवळचा एक टाचेनं हळूच आत दाबला. बकारामनं दोन दाबले.

सुमित्रा पाळीच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली गेली. तिथं टोपल्या पडल्या नव्हत्या. तिथं फक्त उमराव बसायचा. मुळाशी, जिथं त्याचा उजवा हात टेकत असेल तिथं, खड्डा उघडा पडला होता. तिनं वाकून मोजले. दहा. रोजचे दोन. चौथ्या दिवसापासून आठव्या दिवसापर्यंत.

नवव्या दिवसाचा एकही नव्हता.

ती तिथं उकिडवी बसूनच राहिली. मागून पावलं वाजली. उमराव येऊन उभा राहिला, खड्ड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिच्या अंगावर काटा आला, पण तो जुन्या भीतीचा नव्हता. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि नजर खाली घातली नाही.

“धुमस आन,” तो म्हणाला.

तिनं धुमस आणला. तिला वाटलं तो बकारामला हाक मारेल. त्यानं स्वतःच उचलला. पायानं माती लोटली आणि ठोकायला लागला. म्हातारा माणूस, दर ठोक्याला कमरेत वाकत होता. खड्डा भरला तरी थांबला नाही. बऱ्याच वेळानं धुमस टेकवून, दम खात त्यानं विचारलं, “जमुनाच्या गावाले आता कोन हाय?”

“कोनी नाई, मामाजी.”

“गाडी जुंपाले सांग तरी. मी अन तुझी मामी जाऊन येतो.”

तो गेला. अर्ध्या वाटेत तुडुमाजवळ थांबला, आणि मागे न वळताच मोठ्यानं विचारलं की धार कशी आहे. सुमित्रानं उतारावर वाकून ओंजळ धरली. ओंजळ हळूहळू भरली. तिच्या हातांच्या रेषा पाण्यातून दिसत होत्या.

“साफ येऊन राहिली,” ती म्हणाली.